थोरलीचा टाक

"मान खाली कर," आत्या म्हणाल्या आणि हळदीच्या बोटांनी त्यांनी माझ्या गळ्यात काळा दोरा बांधला. गळ्यात मंगळसूत्र पडून अजून घटकाही झाली नव्हती. मान वर केली तर छातीवर रुपयाएवढी चांदीची चकती लोंबत होती. चकतीवर एक बाई उभी. डोक्यावरून पदर, हातांत कुंकवाचा करंडा, आणि तोंडाच्या जागी दोन ठिपके नि एक रेघ.

"ही तुझी थोरली," आत्या म्हणाल्या. "नवं लुगडं नेसशील, आधी हिला दाखवायचं. गोडधोड करशील, आधी हिला दाखवायचं. मग तुझं."

सासूला आमच्या बार्शीकडे आत्या म्हणायची रीत. मी मान डोलावली. बिजवराला दिलेल्या मुलीला हे सगळं ठाऊकच असतं. गेलेलीचा टाक करून नवीच्या गळ्यात घालायचा, म्हणजे आपल्याला विसरले असं तिला वाटत नाही आणि ती नवीच्या संसारात आडवी येत नाही. देवांचे टाक देव्हाऱ्यात बसतात, थोरलीचा छातीवर बसतो. माझ्या एका मावशीच्या गळ्यात असाच होता. जेवताना ती तो पाठीवर टाकायची. म्हणायची, मेली माझे घास मोजते.

मला मात्र भीती वाटली नाही, चौकशी सुटली. चौकशीची खोड मला उपजतच. आई म्हणायची, ही कौसल्या मेल्या माणसालासुद्धा विचारील, बाबा तुला आता कसं वाटतंय. धाकट्या भावंडांना मार्गी लावता लावता माझं वय निघून गेलं आणि भगवंतरावांचं स्थळ पदरात पडलं. एसटीच्या डेपोत मेकॅनिक, माणूस शांत, पहिली बायको प्रयाग काविळीनं गेलेली, मागं एक मुलगी. मांडवातच मी त्या चकतीवरच्या बाईकडं बघून मनात म्हटलं, बाई, तू होतीस तरी कशी?

लग्नाला प्रयागचा भाऊ नामदेव वैरागहून आला होता. जेवणं झाल्यावर तो माझ्यापाशी आला. चांगला माणूस, आडपडदा न ठेवता बोलला. "ताई, तुम्ही आता मला प्रयागच्या जागी. पण सुलू आई गेल्यापास्नं कुणाशी धड बोलत न्हाई. आखितीला येतो मी. तवर रमली तुमच्यात तर सोन्याहून पिवळं. न्हाईतर घेऊन जाईन. माझ्या घरी चार पोरांत पाचवी."

त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं, पण मला ते झोंबलं. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मुलगी मामाच्या बोटाला धरून निघून गेली तर सगळी गल्ली म्हणणार, सावत्र आईनं दोन महिन्यांत घालवली. सुरुवातीला मला एवढंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पोरीचा लळा नंतर लागला.

सुलू सहा वर्षांची. माझ्या हातचं जेवायची, माझ्याकडून वेणी घालून घ्यायची, शाळेत जायची. बोलायची मात्र नाही. माझ्या तोंडाकडं बघायची नाही, बघायची ती छातीवरच्या टाकाकडं. मी वाकून भाकरी वाढली की तिची मान त्या चकतीबरोबर हलायची.

दुपारी आत्या भगवंताच्या देवळात पोथी ऐकायला जायच्या. मालक डेपोत. घरात मी आणि सुलू दोघीच. एकदा चटईवर माझा डोळा लागतो न लागतो तोच गळ्यातला दोरा हलला. मी डोळे किलकिले केले. सुलू माझ्याजवळ उकिडवी बसली होती. तिनं टाक दोन बोटांत उचलला, गालाला लावला आणि डोळे मिटले. क्षणभरच. मग तोंड वाकडं केलं, टाक होता तसा ठेवला आणि मांजरीसारखी पाय न वाजवता बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. मी झोपेचं सोंग घ्यायला लागले. पोरगी टाकाचा मुका घेत नव्हती, नमस्कार करत नव्हती, नुसती गालाला लावायची आणि हिरमुसायची. तिला त्यातून काय हवं होतं आणि काय मिळत नव्हतं, ह्याचा मला छडाच लागेना. काम करताना तेच डोक्यात. एकदा दूध उतू गेलं, आत्या बोलल्या, तरी डोक्यातलं जाईना.

शेवटी मीच तो टाक माझ्या गालाला लावून पाहिला. कोमट होता. दिवसभर अंगावर असतो, उन्हाळ्याचे दिवस, कोमट नाही तर काय असणार. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दुपारी चटईवर पडायच्या आधी मी टाक माठातल्या पाण्यात बुडवून ठेवला आणि ओलाच गळ्यात घातला.

सुलू आली. टाक उचलला, गालाला लावला. या खेपेला तोंड वाकडं केलं नाही. श्वास सोडला, हळूच खाली सरकली आणि गालाखाली टाक तसाच ठेवून माझ्या छातीवर डोकं टेकून झोपली. माझा हात अवघडला, आत्या यायची वेळ झाली, पण मी हलले नाही. पोरीचा लळा लागला तो त्या दुपारी.

तर तिला गार हवं होतं. आई जवळ घ्यायची तेव्हा गालाला काहीतरी गार लागत असणार. पण काय? मी आत्यांना विचारलं, थोरली नथ घालायची का रोज? कानात मोठं काही? आत्या म्हणाल्या, रोजचं काय घालणार, गळ्यात डोरलं आणि पायांत जोडवी. म्हणजे गालाशी काहीच नाही.

मग मी प्रयागची चौकशीच आरंभली. घरात तिचा फोटो नव्हता. लग्नातला एक होता तो नामदेवाकडं, आणि त्यात म्हणे तिनं डोळेच मिटलेले. आत्या म्हणाल्या, गोरी होती, गुणाची होती. मेलेली माणसं गोरीच होतात, हे मला माहीत होतं, म्हणून मी आणखी खोदलं. तेव्हा म्हणाल्या, हाताची मात्र वेंधळी. तांदूळ निवडायला बसली की खडे तसेच. भातात खडा लागला की सुलूचे आजोबा ताटावरून उठायचे, आणि बोलणी मला खावी लागायची. समोरच्या पानवाल्या तांबोळीण काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मानी होती बघ, रस्त्यात समोरून गेली तरी ओळख द्यायची नाही, पण हाक मारली की लगेच हसून बोलायची. एवढी मानी बाई हाकेला हसते कशी, हे कोडं मला सुटेना. मालकांना विचारलं. ते कापडाला हात पुसत राहिले. "होती आपली चांगली," म्हणाले आणि विषय बंद.

राहिली सुलू. एका दुपारी मी सोंग सोडून उठून बसले आणि तिला टाक दाखवला. म्हटलं, "ही तुझी आई ना गं?"

ती टाकाकडं बघत राहिली. मग पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "ही न्हाई."

"मग कशी होती?"

तिनं दाराकडं पाहिलं. कुणी नाही असं बघून दोन्ही हातांची बोटं वळवली, त्यांची दोन कडी केली आणि डोळ्यांवर धरली. लगेच हात खाली घेतले आणि ओठ घट्ट मिटले. पुढं कितीही विचारलं तरी एक नाही की दोन नाही.

मला काय आनंद झाला. मोठे डोळे! प्रयागचे डोळे टपोरे होते आणि आमच्या सोनारानं त्यांचे दोन ठिपके करून ठेवले होते. पोरगी आईला ओळखणार कशी?

टाकाची कडी सैल झाली होतीच. कडी बदलून आणते आणि जरा उजळून आणते, असं आत्यांना सांगून मी गंगाधर दहिवाळांच्या दुकानात गेले. म्हातारे दहिवाळ ठोकळ्यावर वाकून बसले होते. त्यांनी टाक उलटासुलटा केला आणि म्हणाले की हा त्यांच्याच हातचा, चांगला आहे, ह्याला काय झालं. मी म्हटलं, तोंड हिच्यासारखं नाही. ते चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी एक काळपट ठसा काढून माझ्यापुढं ठेवला. ह्यावर चांदीचा पत्रा ठेवून ठोकायचा की बाई तयार. बार्शीतल्या सगळ्या गेलेल्या सवाष्णी ह्याच एका ठशातून निघतात, म्हणाले. माझे वडील हाच वापरायचे.

"मग हिच्या नवऱ्याला, पोरांना आपली कुठली हे कसं कळतं?"

"गळ्यावरून," दहिवाळ म्हणाले. "ज्या बाईच्या गळ्यात, तिच्या घरची."

उत्तर बिनचूक होतं, पण माझं समाधान झालं नाही. मी हटूनच बसले. शेवटी त्यांनी देवीला वाहायचे चांदीचे डोळे असतात तसे दोन बारीक डोळे कोरून टाकावर बसवून दिले. बाई एकदम जागी झाल्यासारखी दिसायला लागली. मी घरी आले ती जवळजवळ पळतच.

सुलूनं टाक हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. "ही देवी हाय," म्हणाली.

मला रडूच आलं. एक तर आखिती तोंडावर आली होती. मी उंबऱ्यात बसून डोळे पुसतेय तोवर मालक डेपोतून आले. त्यांनी विचारलं काय झालं. मी टाक पुढं केला. त्यांनी तेलकट बोटांनी तो कडेला धरला.

"डोळे एवढाले कशाला?"

"सुलूनंच खुणेनं सांगितलं. मोठे होते म्हणून."

"काय खूण केलीस गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

सुलूनं आज्जी घरात नाही ना ते पाहिलं आणि पुन्हा बोटांची दोन कडी डोळ्यांवर धरली. मालक बघत राहिले आणि माझ्या शेजारी उंबऱ्यातच बसले.

"डोळे मोठे नव्हते तिचे," म्हणाले. "काचा मोठ्या होत्या."

मग ते बोलले. लग्नापासून मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. प्रयागला लहानपणापासून लांबचं दिसत नव्हतं आणि जवळचंही धूसर. माहेरच्यांनी ते झाकून लग्न लावलं. मुलीला चष्मा म्हटलं की त्या काळी स्थळं दारातून परत जायची. लग्नानंतर ह्यांच्या ध्यानात आलं की ही माणसं आवाजावरून ओळखते. आईला सांगितलं असतं तर घरात रणकंदन झालं असतं, म्हणून सिद्धेश्वराच्या दर्शनाचं निमित्त करून ते तिला एसटीनं सोलापूरला घेऊन गेले आणि डोळे तपासून चष्मा करून आणला. येताना ती खिडकीशी बसून वाटेतल्या पाट्या वाचत होती, म्हणाले. एकसुद्धा सोडली नाही. तो चष्मा ती फक्त दुपारी घालायची, आत्या देवळात गेल्यावर. सुलूला मांडीवर घेऊन बसायची, शिवायची, वाचायची. पोरीच्या गालाला गार लागायची ती ही काच. आत्यांची चप्पल वाजली की चष्मा पिठाच्या डब्यामागं. तांदूळ निवडायचे ते आत्यांसमोर, म्हणून खडे राहायचे.

"आता कुठंय तो?" मी विचारलं.

"तिच्याबरोबर गेला. तिरडीवर पदराखाली ठेवला मी, कुणाला दिसणार नाही असा."

खरं सांगते, मला हेवा वाटला. तिच्या चष्म्याचा नाही, त्या सोलापूरच्या एसटीचा. हा माणूस एका बाईसाठी एवढं करू शकतो आणि एवढं गुपित पोटात ठेवू शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि हेवा वाटत असतानाच तो माणूस मला आवडला.

सुलू बापाकडं रागानं बघत होती. "अण्णा, तुमी सांगितलंत. आई म्हणली हुती, कुणालाच सांगायचं न्हाई."

"हिला चालतं," मालक म्हणाले. "हिच्या गळ्यातच हाय की ती."

आई गेल्यापासून दीड वर्ष पोरीनं तोंड मिटलं होतं ते ह्यासाठी. आईनं सांगितलेली एक गोष्ट तिच्यापाशी होती, बोलता बोलता ती निसटू नये म्हणून ती बोलायचीच नाही. मी तिला जवळ ओढलं. ती आली.

आता आत्यांना सांगणं भाग होतं. मालकांनीच सांगितलं, रात्रीची भाकरी झाल्यावर. आत्या ऐकत राहिल्या. मला वाटलं, आता भांडं आदळेल. पण त्यांनी विचारलं एवढंच की मला का नाही सांगितलं, आणि आम्ही कुणीच बोललो नाही तेव्हा उत्तर त्यांचं त्यांना मिळालं. टाकावर चष्मा बसवायचा म्हटल्यावर मात्र त्या उसळल्या. सवाष्णीच्या टाकाला चष्मा कुणी ऐकलाय का, गाव तोंडात शेण घालील.

"घालू द्या," मालक म्हणाले. आईला उलटं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. आत्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दहिवाळांकडं गेलो. म्हातारे मागच्या वेळेसारखेच चष्म्यावरून बघत राहिले. जन्मभर नथ घातलेल्या बायका केल्या, चष्मा घातलेली नाही केली, म्हणाले. पण एकदा कामाला हात घातल्यावर त्यांनाच चेव आला. काचा गोल की चौकोनी? काड्या पदरावरून दाखवायच्या की पदराखालून? मालक सगळ्याची उत्तरं देत होते. देवीचे डोळे उतरवले आणि त्या जागी केसाएवढ्या तारांची दोन कडी, मध्ये नाकावर बारीक कमान. डाख देऊन तारा जोडून झाल्यावर दहिवाळांनी टाक पाण्यात सोडला, चर्र झालं, आणि त्यांनी तो पुसून सुलूच्या तळहातावर ठेवला. सुलूनं घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही.

आखितीला नामदेव आला. सकाळीच आला, हातात आंब्यांची पिशवी आणि भाचीला नेण्यासाठी रिकामी थैली. मी पाणी द्यायला वाकले आणि टाक त्याच्या डोळ्यांसमोर आला. त्याचा हात तांब्यावर तसाच राहिला. बहिणीची अधू नजर लपवून लग्न लावणारा तोच थोरला भाऊ. त्यानं मालकांकडं पाहिलं.

"तुमाला कळलं हुतं?"

"पहिल्या वर्षीच," मालक म्हणाले.

नामदेवानं उपरण्यानं तोंड पुसलं. मग त्यानं सुलूला पुढ्यात घेतलं आणि विचारलं, "सुले, येतीस न्हवं मामाकडं? आंब्याखाली झोपाळा बांधलाय."

झोपाळ्याचं ऐकून पोरीचे डोळे चमकले, मी पाहिलं. ती उठली, माझ्यापाशी आली. मला वाटलं, पाया पडायला आली. पण तिनं माझ्या गळ्यातला टाक हातात घेतला, तोंडापाशी नेला, हाऽऽ करून त्यावर वाफ सोडली आणि फ्रॉकच्या टोकानं पुसायला लागली. आधी एक कडं, मग दुसरं. बोट फिरवून, नीट, जसं कुणीतरी तिला शिकवलं असावं तसं. मग उजेडाकडं धरून पाहिलं आणि सोडला.

"आता दिसंल तिला," म्हणाली.

आत्या चुलीपाशी होत्या. त्यांच्या हातातली पळी थांबली. आधी हिला दाखव, आधी हिला दाखव म्हणून त्यांनीच त्या चकतीपुढं सगळं धरायला लावलं होतं, आणि तिला दिसत होतं की नाही ते कुणी विचारलंच नव्हतं.

"मग? जायाचं ना?" नामदेव म्हणाला.

सुलूनं त्याच्याकडं असं पाहिलं की ह्या मोठ्या माणसाला एवढंही कसं कळत नाही. "मग आईचा चष्मा कोण पुसणार?"

नामदेव हसायला गेला आणि त्याला हसता येईना. थैली घडी करून त्यानं खिशात घातली.

जेवणं वाढली. आमरसाची पहिली वाटी घेऊन आत्या माझ्यासमोर आल्या आणि टाकापुढं धरली. नेहमी त्या वाटी दाखवून झटक्यात फिरायच्या. त्या दिवशी बराच वेळ उभ्या राहिल्या. "बघ गं प्रयाग," म्हणाल्या, "आंबा गोड निघालाय." थोरलीचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

ह्या गोष्टीला फार वर्षं झाली. आत्या गेल्या, मालकही गेले. माझ्या गळ्यात आता मंगळसूत्र नाही, पण टाक आहे. तो काढ असं मला कुणी म्हटलं नाही आणि म्हटलं असतं तरी मी काढला नसता. माझेही डोळे आता उतरले, जाड भिंगाचा चष्मा लागलाय. सुलूला सून आली, तरी दर आखितीला ती येते. आली की पिशवी ठेवायच्या आधी माझ्यापुढं बसते आणि पदराचं टोक हातात घेते. आधी थोरलीचा पुसते, मग माझा.